कातरणीचे दिवस

मी एकदा माझ्या बायकोच्या नावाने खोटं बोललो, आणि ते खोटं खपावं म्हणून आपल्या चालीरीती पुढे केल्या. ज्यांच्याशी बोललो त्या बाईंनी त्यावर विश्वास ठेवला, कारण त्या सभ्य होत्या. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. मित्रांना नाही, आईला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

नॉर्थ कॅरोलिनात मार्च संपता संपता पाइनची झाडं पराग सोडतात. सकाळी दार उघडावं तर गाडीवर, पायरीवर, टपालपेटीवर पिवळी पूड पसरलेली. आमच्या कॅरी गावातली सगळी आयटीवाली मंडळी शिंकत शिंकत ऑफिस गाठतात, कार वॉशसमोर रांगा लागतात, मग एक पाऊस पडतो आणि रस्त्याकडेच्या डबक्यांना पिवळी किनार येते. यंदा, दोन हजार आठच्या या वसंतातही ती आली. मी गाडीच्या काचेवर बोटाने एक रेघ ओढली आणि पाच वर्षं मागे गेलो. कारण ही पूड उडाली की तीन-चार आठवड्यांनी लोरेनबाईंच्या शेतावर अल्पाकांची लोकर कातरायची वेळ होते. कापणी, मळणी, तशी आमच्या घरात तिला 'कातरणी' म्हणायचे. एकच वर्ष म्हणायचे.

अल्पाका म्हणजे उंटाचा लोकरवाला धाकटा चुलतभाऊ. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतला, आपल्या छातीएवढा उंच, मान लांब, डोळे असे की आताच कुणीतरी रागावलंय. पायाला खूर नाही, मऊ गादी. त्यामुळे वीस-पंचवीस जनावरं जवळून गेली तरी आवाज होत नाही. आवाज करतात तो वेगळाच. तोंड मिटून, नाकातून, 'म्म्म' असा. गाणं विसरलेला माणूस चाल आठवत बसावा तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कुठेतरी फ्रिजची मोटर चालू आहे. शुभांगी म्हणाली, "काहून हो, फ्रिज कुरणात कोण ठेवणार?"

शुभांगी माझी बायको. वर्ध्याची. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात तिने सहा वर्षं केमिस्ट्री शिकवली. दोन हजार एकमध्ये माझ्यामागे इथे आली, आमची सई तेव्हा तीन वर्षांची. माझा व्हिसा नोकरीचा आणि तिचा, नोकरी करणाऱ्याच्या बायकोचा. त्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. अपार्टमेंटमध्ये अशा सात-आठजणी होत्या. एम.एस्सी., बी.ई., एक तर दातांची डॉक्टर. दुपारी तळमजल्यावरच्या वॉशिंग मशीनपाशी जमायच्या आणि आपापल्या कपड्यांचं गरगर फिरणं बघत बसायच्या. मी संध्याकाळी यायचो तेव्हा शुभांगी खिडकीत असायची. गाडी वळली की पडदा हलायचा. तो हलणारा पडदा मला आवडायचा. हे आधीच लिहून ठेवतो, नंतर लागेल.

सई किंडरगार्टनला गेली आणि ऑक्टोबरात शाळेची सहल शेतावर निघाली. बरोबर काही आया हव्या होत्या. शुभांगी गेली. शेत आमच्यापासून चाळीस मिनिटांवर, दोन चर्च आणि एक बंद पडलेली हातमोज्यांची गिरणी ओलांडली की डावीकडे. मालकीण लोरेन, पासष्टीच्या, नवरा वारलेला, कमरेला सदैव एक जुनाट टॉवेल खोचलेला. इकडच्या रीतीप्रमाणे मुलं त्यांना 'मिस लोरेन' म्हणायची. त्यांनी मुलांसमोर लोकरीचा धागा काढून दाखवला, हवेत लोंबणारी लाकडी टकळी फिरवून. मुलं लगेच कंटाळली. शुभांगी पुढे झाली आणि म्हणाली, मला एक बशी मिळेल का?

लोरेनबाईंना वाटलं हिला चहा हवा आहे.

वर्ध्याच्या तिच्या शाळेत चौथीपर्यंत सूतकताईचा तास होता. पितळी टकळी, टेकायला वाटी किंवा बशी, मांडीवर पिंजलेल्या कापसाचा पेळू. तिने ती लाकडी टकळी उलटी करून बशीत टेकवली, खाली बसली आणि दोन बोटांनी फिरकी दिली. पहिला धागा तुटला, दुसराही तुटला. "कापूस हट्टी असतो," संध्याकाळी ती मला सांगत होती, "ओढून धरावं लागतं त्याला. ही लोकर घरंगळते. पीळ जरा जास्त द्यायचा आणि मग सोडून द्यायची." तिसरा धागा हातभर निघाला. लोरेनबाई खाली वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हनी, हे शिकलीस कुठे?"

"शाळेत. गणिताच्या तासानंतर."

त्याच आठवड्यात शेतावर एक पिल्लू जन्मलं होतं, फिक्या गुळाच्या रंगाचं. नाव ठेवायचं होतं. मुलांनी हॅरी, प्रिन्सेस वगैरे सुचवलं. शुभांगीने सुचवलं चिक्की. लोरेनबाईंनी फळ्यावर तेच लिहिलं.

त्यानंतर मंगळवार आणि गुरुवार तिचे झाले. त्यासाठी ती ड्रायव्हिंग शिकली, जे मी दीड वर्ष शिकवत होतो आणि ती रडत होती. आता दहा दिवसांत शिकली. जुनी कोरोला घेऊन, सईला शाळेत सोडून ती जायची आणि शाळा सुटायच्या वेळी परत यायची. अंगाला गवताचा वास, केसांत काडी. बोलणं तर थांबायचंच नाही. अल्पाका ठरलेल्या एकाच जागी शेण टाकतात, अहो, रांग लावतात, आपल्या बिल्डिंगमधल्या पोरांना शिकवा जरा. नखं कापताना मागून धरायचं नसतं. दोघींचं भांडण झालं की तिसरीच थुंकते. लोकर पिंजायच्या आधी उन्हात झटकायची.

आणि रंग. मला वाटतं, रंगात ती खऱ्या अर्थाने परत आली. कांद्याची सालं, अक्रोडाची टरफलं, शेताच्या कडेची पिवळी रानफुलं. इंडियन स्टोअरमधून तुरटीचे खडे आणले, रंग धाग्याला धरावा म्हणून. आमची भाजीची लोखंडी कढई, तिच्या आईने सामानात कोंबून पाठवलेली, शेतावर गेली ती गेलीच. स्टीलच्या पातेल्यात कांद्याच्या सालाचा रंग तांबूस येतो आणि लोखंडी कढईत तोच शेवाळी होतो, हे तिने लोरेनबाईंना सूत्रासकट समजावलं. बाईंनी वहीत सूत्र उतरवून घेतलं. मला वही दाखवताना शुभांगी म्हणाली, "बघा, दोन वर्षांनी कोणीतरी माझं लिहून घेतलं."

मी म्हणालो, "छान. आज भाजी कशात करणार?"

कातरणीच्या शनिवारी मीही गेलो. एप्रिलचा शेवट, हवा कोमट, कुंपणावर हनीसकलचा वेल फुललेला. कातरणारा माणूस गावोगाव फिरणारा. आला, चटई अंथरली, दोऱ्या बांधल्या. जनावराला आडवं करतात, पुढचे आणि मागचे पाय ताणून धरतात, आणि थुंकू नये म्हणून तोंडावर मोजा चढवतात. ते मोजे माझे होते. माझे ऑफिसचे करडे मोजे, एकेका अल्पाकाच्या नाकावर. "तुमचेच घातले की शांत पडतात," शुभांगी म्हणाली. "वासाने बेशुद्ध होत असतील." लोरेनबाईंना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या टॉवेलने डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मी डोकं धरायला होतो. मशीनची पाती पोटापासून पाठीकडे सरकत जायची आणि लोकर अख्ख्या गोधडीसारखी उलगडून बाजूला पडायची. बाहेरून मळकट, आतून चमक. खालून निघायचं एक बारकं, मान ओढून लांब केल्यासारखं, ओशाळलेलं जनावर. ते उठायचं, स्वतःकडे न बघता कळपात जायचं, आणि कळप त्याला हुंगून ओळख पटवून घ्यायचा. चिक्कीची पाळी आली तेव्हा मोजा सैल बसला आणि तिने माझ्या शर्टावर अर्धं चघळलेलं हिरवं गवत फेकलं. वास तीन धुण्यांत गेला नाही. शुभांगी चटईवर बसून हसत होती, दोन्ही हात लोकरीत, आणि मला आठवेना की याआधी तिला असं हसताना कधी पाहिलं होतं. लग्नाच्या आधी असेल.

दुपारी जाळीच्या टेबलाशी आम्ही तिघं लोकर निवडत उभे होतो. तांदूळ निवडावेत तसं. काडी, काटा, बी, बाजूला. लोकरीत मनगटापर्यंत हात गेला की आत अजून जनावराची ऊब होती. कुरणातून ते 'म्म्म' येत होतं. मला आजही, मीटिंगमध्ये मध्येच, बोटांना ती ऊब लागते. माझ्या आयुष्यात सुखाची दुपार कोणती असं विचारलं तर मी तीच सांगेन. आणि तिच्यानंतर अकराव्या दिवशी मी काय केलं तेही मला सांगावं लागेल.

मेच्या मध्यावर लोरेनबाईंकडे शेत बघायला गावातली माणसं येणार होती. वर्षातून एकदा येत. त्या दिवशी शुभांगीच्या टोप्या, मफलर आणि एक शाल एका वेगळ्या टेबलावर मांडायची, वर तिचं नाव लिहायचं, विकायची, असं दोघींनी ठरवलं. मी हे बोंद्रेला सांगितलं. बोंद्रे माझ्याबरोबर कामाला. अपार्टमेंटमधलं व्हिसाविषयक सगळं ज्ञान त्याच्याकडून वाटलं जाई.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का यार? नाव लिहून विकायला ठेवणार? कोणी फोटो काढून नेटवर टाकला की संपलं. ग्रीन कार्डची फाइल अशी बंद होते." त्याने कँटीनमध्ये चुटकी वाजवली.

"कोणाची झालीय?"

"माझ्या ओळखीत आहे एक. नाव नको विचारू."

मी नाव विचारलं नाही. कंपनीच्या वकिलालाही विचारलं नाही. एक मेल टाकायचा होता. शुभांगीशी तरी बोलायचं. 'हे धोक्याचं आहे का ते आधी बघू' एवढं म्हटलं असतं तर तिने स्वतः टेबल रद्द केलं असतं आणि टकळी चालू ठेवली असती. ती केमिस्ट्रीची बाई, सावधपणा तिला शिकवावा लागत नव्हता.

बुधवारी, तिच्या जाण्याच्या दिवशी नव्हे, मी जेवणाच्या सुट्टीत शेतावर गेलो. लोरेनबाई गोठ्याच्या दाराशी बसून एका फळीला पांढरा रंग देत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलास. तिचं पूर्ण नाव मला लिहून दे. ते नीट यायला हवं."

मी म्हणालो, शुभांगी आता येणार नाही. त्यांनी ब्रश खाली ठेवला. आजारी आहे का? नाही. माझं काही चुकलं का? नाही. मग मी म्हणालो, आमच्यात हे चालत नाही. आमच्या घराण्यातल्या बायकांनी जनावरांच्या केसांचं काम करणं आमच्या चालीरीतींत बसत नाही. मोठ्यांना कळलं, ते नाराज आहेत. तिला स्वतः सांगायचा संकोच वाटतो.

हे मी इंग्रजीत बोललो, आणि इंग्रजीत ते फार सहज निघालं. माझ्या घराण्यात असलं काही नाही. माझा आजा अमरावतीकडे घोंगड्या विकायचा. शुभांगीचे वडील रोज सकाळी तासभर सूत कातत. पण इथे दोन वर्षं राहून एक गोष्ट मला कळली होती: 'आमची संस्कृती' म्हटलं की ही माणसं पुढे प्रश्न विचारत नाहीत. आदराने गप्प होतात. मी त्या आदराचा फायदा घेतला.

लोरेनबाईंनी फळी उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "मी कुणाच्या घरच्या रीतींच्या आड येणार नाही. मला आधी कळायला हवं होतं. तिला अवघडल्यासारखं झालं असेल, माझ्यामुळे." आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन आल्या. चिक्कीची लोकर, पहिल्या कातरणीची. अल्पाकाची पहिली लोकर सर्वांत मऊ, तशी पुन्हा निघत नाही. "ही तिचीच. ठेवायची रीत नसेल तर तिने टाकून दिली तरी चालेल. पण मी टाकणार नाही."

मी 'थँक यू' म्हणालो. पिशवी गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवली. ती तिथे सप्टेंबरपर्यंत राहिली. मग तिला कसर लागली आणि मी ती पेट्रोल पंपाच्या कचराकुंडीत टाकली.

त्या संध्याकाळी शुभांगी पोळ्या लाटत होती. मी सांगितलं, लोरेनबाईंचा ऑफिसात फोन होता. इन्शुरन्सवाले बाहेरच्या माणसांना जनावरांजवळ येऊ देत नाहीत म्हणे. सध्या येऊ नको म्हणाल्या.

"मला का नाही केला फोन?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"अन् तुमच्याकडून ऐकून नाही वाटणार?" तिने लाटणं थांबवलं, मग पोळी पुन्हा लाटायला घेतली. ती पोळी फार पातळ झाली. "बरं," म्हणाली. जिथे बोलावणं नाही तिथे न जाणं हे तिच्या घरचं वळण. मला ते ठाऊक होतं. दोन्हीकडची सभ्यता मला ठाऊक होती, आणि त्या दोन सभ्यतांच्या मध्ये माझं खोटं सुखरूप बसलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती गाडीची किल्ली हातात घेऊन दारापर्यंत गेली. मग परत आली, किल्ली खिळ्याला अडकवली, आणि कपड्यांची बादली उचलून खाली गेली.

भीती होती, हे खरं. पण एवढंच लिहिलं तर हा कबुलीजबाबही अर्धा खोटा होईल. त्या वसंतात संध्याकाळी माझी गाडी वळायची तेव्हा पडदा हलायचा नाही. ती स्वयंपाकघरात असायची, किंवा बाल्कनीत धागे वाळत घालत, तोंड मिटून काहीतरी गुणगुणत. माझा दिवस कसा गेला हे विचारायचं ती विसरायला लागली होती. मी या देशात येऊन कमावलेली एकच गोष्ट होती, माझी वाट बघितली जाणं. ती हातची गेली असं मला वाटलं. बोंद्रेने मला भीती दिली नाही, निमित्त दिलं. पडदा पुन्हा हलायला लागला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली.

दोन वर्षांनी ऑक्टोबरात आम्ही राज्याच्या जत्रेला गेलो. भोपळे, डुकरांच्या शर्यती, तळलेल्या गोड पदार्थांचा वास. लोकरीच्या तंबूत लोरेनबाई होत्या, कमरेला तोच टॉवेल. त्यांनी शुभांगीला पाहिलं. त्यांचा हात वर यायला लागला, खांद्यापर्यंत आला, आणि तिथून त्यांनी तो हळूच केसांकडे नेला, जणू केस सारखे करायचे होते. नजर दुसरीकडे वळवली. तिला अवघड नको व्हायला, म्हणून. शुभांगीने फक्त वळलेली नजर पाहिली.

"चला," ती म्हणाली, "सईला पाळण्यात बसायचंय."

मी दोघींच्या मधोमध उभा होतो. दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे.

गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. बोंद्रेने पेढे वाटले. कागदपत्रं देताना मी वकिलाला त्या टेबलाबद्दल सहज विचारावं तसं विचारलं. तो म्हणाला, तेव्हाच विचारायला हवं होतंत, काहीतरी मार्ग काढला असता; आणि नुसतं शिकायला, मैत्रीने जायला तर कोण कशाला अडवणार होतं? शुभांगी आता एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जाते. पांढरा कोट, स्वतःची गाडी, स्वतःच्या मीटिंगा. तिचं काही वाईट झालेलं नाही, असं मी स्वतःला अधूनमधून सांगतो. टकळी तिने पुन्हा हातात घेतली नाही. हिवाळ्यात सईला कपाटात एक शेवाळी मफलर सापडला. "आई, धिस इज सो सॉफ्ट! हू मेड इट?"

"मीच. एक बाई होत्या, त्यांनी शिकवलं."

"कॅन वी गो सी हर?"

"नको. त्यांना मी शेवटी आवडले नाही," शुभांगी म्हणाली, अगदी साध्या आवाजात. मी शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. त्या बांधून झाल्या होत्या.

आणि परवा, गाडीच्या काचेवरची पिवळी पूड पुसताना ती आपणहून म्हणाली, "लोरेनबाईंकडे आता कातरणी आली असेल, नाही हो? त्यांचे गुडघे दुखायचे. कोण धरत असेल डोकी?" पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने नाव घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "असेल कोणीतरी." आणि वायपरचं पाणी संपलंय, भरायला हवं, असं काहीतरी.

त्याच संध्याकाळी हे लिहायला बसलो. आधी वाटलं होतं, लिहून झालं की कागद तिच्यासमोर ठेवावेत आणि फिरायला निघून जावं. आता कळतं की तीही पळवाटच. लोरेनबाईंना मी समोर बसून तोंडी फसवलं, शुभांगीलाही तोंडीच. खरं सांगायचं तर तेही तोंडी, आणि तिथून उठून न जाता.

शेत अजून तिथेच आहे. चाळीस मिनिटं लागतात. मला शुभांगीला सांगायचं आहे की लोरेनबाईंनी तुला नाकारलं नव्हतं, मी नाकारलं. आणि लोरेनबाईंना सांगायचं आहे की आमच्यात अशी कुठलीही रीत नाही. एवढं मी या दोघींचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.